जड क्लच आणि आखूड केलेली बीटल

कॅलिफोर्नियातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत पोर्शे ३५६ स्पीडस्टर दिसली आणि तिची किंमत आवाक्यातली वाटली, तर ती गाडी पोर्शेच्या कारखान्यातून आलेली नाही, हे समजून चालावं. अस्सल स्पीडस्टर १९५४ ते १९५८ एवढाच काळ बनली. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांना अमेरिकेत खपेल अशी स्वस्त, उघडी, साजशृंगार नसलेली गाडी हवी होती. त्यांच्या आग्रहातून बुटकी काच, पातळ कापडी टप आणि नावापुरत्या गाद्या असलेली ही गाडी जन्माला आली. सुरुवातीची किंमत होती २,९९५ डॉलर. आज अस्सल गाडीसाठी लाखो डॉलर मोजावे लागतात आणि मोजणाराही ती पावसात बाहेर काढत नाही. त्यामुळे बाकीच्या जगाने आपला मार्ग शोधला: बॉडी फायबरग्लासची आणि खाली फोक्सवॅगन बीटलची चासी.

या प्रतिकृतींकडे नाक मुरडून बघणारे बरेच असतात. मला ते पटत नाही. १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात पहिली ३५६ उभी राहिली तीच मुळी बीटलचे सुटे भाग घेऊन. मागे बसवलेलं हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन, टॉर्शन बारचं, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचं, सस्पेन्शन, केबलने चालणारा क्लच, हे सगळं त्याच घराण्यातलं. बीटलवर स्पीडस्टरची बॉडी चढवणं म्हणजे नातवाचे कपडे आजोबांना घालण्यासारखं आहे. अंगकाठी मुळात एकच. आणि दुसरं म्हणजे, जगात दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल बनल्या. त्यामुळे या गाडीचा जवळजवळ प्रत्येक चालता भाग आजही नवा मिळतो. ज्याला गाडी हाताने दुरुस्त करायला आवडते, त्याच्यासाठी याहून चांगली स्पोर्ट्स कार शोधणं कठीण आहे.

फक्त एक गोष्ट बीटलमधून जशीच्या तशी घेता येत नाही, आणि पुढची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २,४०० मिलिमीटर. ३५६चा २,१००. प्रमाण अस्सल दिसायला हवं तर बीटलची चासी मधोमध कापून जवळजवळ तीस सेंटिमीटरचा तुकडा काढून टाकायचा आणि दोन्ही बाजू परत वेल्ड करायच्या. काही उत्पादक स्वतःची पोलादी नळ्यांची चासी बनवतात, पण बाजारात येणाऱ्या जुन्या गाड्यांत कापून जोडलेली बीटलच जास्त. हे काम एखाद्याने जिगवर, म्हणजे मापात पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, बसवून, मापं घेऊन, चोख केलेलं असतं. एखाद्याने अंगणात, दोन लाकडी ठोकळ्यांवर केलेलं असतं. वरून रंग आणि गालिचा घातला की दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून अशी गाडी बघायला गेलं की आधी बॉडीभोवती फिरू नये, खाली वाकावं. चासीच्या मधोमध जो उभा कणा जातो, ज्याला टनेल म्हणतात, त्यावरचा आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरचा वेल्ड बोटाने चाचपावा. वेल्ड सलग आहे का, गंज धरलाय का, पत्रा एकावर एक चढवलाय की टोकाला टोक भिडवून जोडलाय, हे बघावं. उजव्या हाताला मागच्या सीटच्या जागी बीटलची बॅटरी असते. ॲसिडने तिथला पत्रा सगळ्यात आधी सडतो. चासी नंबर त्याच भागात टनेलच्या वर ठोकलेला असतो. तो कागदपत्रांवरच्या नंबराशी जुळला नाही तर तिथेच नमस्कार करून निघावं, भाव कितीही उतरला तरी. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलला धुराच्या तपासणीतून सूट आहे, त्यामुळे गाडी कोणत्या सालची आणि कशी म्हणून नोंदलेली आहे हा प्रश्न तिथे पैशांइतकाच मोलाचा. दरवाजांच्या कोपऱ्यांत फायबरग्लासला केसासारख्या चिरा असतील तर खालची चासी वळतेय असा संशय घ्यावा. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या दिसल्या तर त्या बदलल्याशिवाय गाडी घरी चालवत नेऊ नये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांना लागलेल्या आगींत या नळ्यांचा वाटा मोठा असतो.

मग चालवून बघायची वेळ येते. डावा पाय क्लचवर जातो आणि पेडल दगडासारखं लागतं. विकणारा सांगतो, ‘या गाड्यांचा क्लच असाच असतो.’

नसतो. चांगल्या अवस्थेतल्या बीटलचा क्लच हलका असतो. ही गाडी सामान्य कुटुंबांसाठी बनली, म्हाताऱ्या माणसांनी ती वर्षानुवर्षं शहरातल्या गर्दीत चालवली. पेडल जड झालंय याचा अर्थ पायापासून प्रेशर प्लेटपर्यंतच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीपर्यंतच्या) वाटेत कुठेतरी काहीतरी घासतंय, अडतंय किंवा चुकीचं बसवलंय. माझ्या मते जड क्लच हे ही गाडी नाकारायचं कारण नाही. भाव पाडायचं चांगलं कारण मात्र आहे. फक्त विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. मागचं झाकण उघडून एकाने इंजिनच्या पुलीकडे बघत राहायचं, दुसऱ्याने क्लच दाबायचा. क्लच दाबला की क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, मागच्या दिशेने जोर येतो. पुली डोळ्याला दिसेल इतकी आत-बाहेर होत असेल तर या दांड्याला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलंय. ही मोकळीक ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी आणि ०.१५च्या पुढे जाऊ नये. नुसत्या डोळ्याला एवढीशी हालचाल जेमतेमच कळते. ती ठळक दिसली तर खर्च क्लचचा राहत नाही, सगळं इंजिन खोलावं लागतं.

आता वाट समजून घेऊ. क्लचचं पेडल जमिनीतून वर आलेलं असतं. त्याचा शाफ्ट टनेलच्या बाजूच्या भिंतीतून आत जातो आणि आतल्या टोकाला एक आकडा असतो. या आकड्यात केबलचा डोळा अडकवलेला असतो. केबल टनेलच्या आतून, एका बारीक पोलादी नळीतून मागे जाते. टनेल संपला की ती एका लवचिक, बाक दिलेल्या बाउडन नळीतून गिअरबॉक्सकडे येते. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला एक आर्म आहे, त्यातून केबलचं आट्यांचं टोक बाहेर येतं आणि त्यावर पंखांचा नट, म्हणजे विंग नट, बसतो. आर्म आडव्या शाफ्टला फिरवतो, शाफ्ट रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेट दाबतं. ज्याने बजाजच्या स्कूटरच्या क्लच केबलमध्ये कधी तेल सोडलंय त्याला वेगळं काही सांगायला नको. तत्त्व तेच, फक्त वाट लांब आणि डोळ्याआड.

बहुतेक जण इथे घाई करतात. जड क्लच म्हटलं की इंजिन उतरवून नवा क्लच सेट टाकतात, आणि पेडल होतं तेवढंच जड राहतं. त्याऐवजी वाटेचे दोन भाग करावेत. मागचं डावं चाक काढायचं, गाडी घोडीवर पक्की टेकवायची, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. विंग नट काढून केबल आर्ममधून सोडवायची. आता पुढे येऊन पेडल हाताने दाबून बघायचं. केबलला मागे काही जोडलेलं नसताना पेडल दोन बोटांनी जायला हवं. तसं गेलं नाही तर दोष पुढच्या अर्ध्या भागात आहे: पेडलचा शाफ्ट, टनेलमधली नळी, केबल किंवा बाउडन नळी. पेडल मोकळं असेल तर मागे जाऊन आर्म हाताने हलवायचा. स्प्रिंगचा थोडा ताण सोडला तर बेअरिंग टेकेपर्यंत तो सहज आला पाहिजे. खरखरत, अडखळत आला तर आडव्या शाफ्टचे बुश गेलेत. दोन्हीकडे मोकळं असेल तर मगच प्रेशर प्लेटवर शंका घ्यायची. या चाचणीला खर्च शून्य आहे आणि ती हजार डॉलर वाचवू शकते. जमलं तर केबल सोडवण्याआधी पेडलला ताणकाटा लावून किती जोर लागतो ते लिहून ठेवावं. काम झाल्यावर सुधारणा झाली की नाही हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

आखूड केलेल्या चासीत दोष पुढच्या अर्ध्यातच निघण्याची शक्यता जास्त, आणि त्याचं कारण तो कापून काढलेला तुकडा. टनेल कापला तेव्हा आतली क्लचची नळीही कापली गेली. ती परत जोडताना दोन टोकं नेमकी समोरासमोर आली नाहीत तर सांध्यात पायरी तयार होते. करवतीने कापलेल्या कडेची कोर आतून घासून काढली नसेल तर ती कोर केबलवर कानशीसारखी चालते. वेल्डचा थेंब नळीच्या आत उतरला असेल तर केबल त्याला घासूनच जाते. गाडी नवी असताना हे जाणवत नाही. ग्रीस सुकतं, केबलचे एकदोन पदर तुटून उभे राहतात, मग ते उभे पदर त्या पायरीला अडकू लागतात आणि पेडल महिन्यागणिक जड होत जातं.

दुसरा दोष न कापलेल्या बीटलमध्येही येतो: नळीला टनेलच्या आत धरून ठेवणारे वेल्डचे टाके तुटतात. मग क्लच दाबला की नळीच हलते, पेडल एकाच वेळी जड आणि स्पंजासारखं लागतं. हे बघायला गिअरचा दांडा काढायचा, त्या भोकातून टॉर्चचा उजेड टाकायचा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगायचं. नळी जागची हललेली डोळ्यांना दिसते. त्यावर उपाय एकच, टनेलला खिडकी पाडून नळी पुन्हा वेल्ड करायची. ते करताना पेट्रोलची नळीही त्याच टनेलमधून जाते हे विसरून चालणार नाही. टाकी रिकामी करून, नळी धुऊन आणि वाफ घालवूनच तिथे ज्योत न्यावी. हे काम अनुभवी वेल्डरला द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

केबल बाहेर काढायची म्हणजे पेडलचा संच काढायचा. ऍक्सिलरेटरचा दुवा आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा पुशरॉड सोडवायचा. पेडलच्या मागे जमिनीवर एक थांबापट्टी असते, ती सोडवण्याआधी तिच्याभोवती खिळ्याने रेघ ओढून ठेवायची. या पट्टीवर दोन गोष्टी अवलंबून आहेत: पुशरॉड आणि ब्रेकच्या पिस्टनमध्ये राहायला हवी ती साधारण एक मिलिमीटरची फट, आणि क्लचचं पेडल इतकं मागे येऊ नये की केबल आकड्यावरून निसटेल. पुशरॉडची लांबी फिरवू नये. मग टनेलला धरणारे दोन बोल्ट काढले की संच बाजूला ओढता येतो आणि केबलचा डोळा आकड्यावरून सुटतो.

हा आकडा हातात घेऊन उजेडात नीट बघण्यासारखा असतो. चांगल्या आकड्याची खोबण गोल आणि गुळगुळीत असते. झिजलेल्या आकड्यात केबलच्या डोळ्याने आपल्या रुंदीची चर कोरलेली असते, आणि तिच्या कडेला लोखंड इतकं धारदार झालेलं असतं की बोट फिरवताना जपावं लागतं. क्लच दाबताना डोळा आकड्यावर फिरायला हवा. चर पडली की तो फिरत नाही, अडकतो, आणि केबल प्रत्येक वेळी त्याच जागी वाकते. केबल बऱ्याचदा डोळ्यापाशीच का तुटते याचं उत्तर या चरीत असतं. असा आकडा भरून घासण्यापेक्षा शाफ्टच नवा टाकावा. त्याच वेळी शाफ्टचा बुश बदलावा, जुनं काळं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने धुवावं आणि लिथियम ग्रीस भरावं. नुसत्या या शाफ्टच्या गंजानेही पेडल कमालीचं जड होतं.

नळी साफ करायची ती जुन्या केबलच्या टोकाला फडक्याची घट्ट पट्टी बांधून. पट्टी आरपार ओढताना कुठे अडते ते कळतं; अडलेल्या जागी केबलवर खूण करून बाहेरून माप घेतलं की सांध्याची जागा सापडते. पायरी किरकोळ असेल तर लांब लवचिक तारेच्या टोकाला गोल ब्रश लावून, ड्रिलवर हळू फिरवून कोर मारता येते. पायरी मोठी असेल तर पुन्हा खिडकी आणि वेल्डिंग. अशा वेळी जुनी नळी दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्या भागात अखंड नवी नळी घालणं चांगलं.

नवी केबल विकत घेताना आखूड केलेल्या गाडीची खरी अडचण कळते. दुकानात मिळणारी बीटलची केबल या गाडीला लांब पडते. आखूड केबल बनवून मिळते, किंवा लांब केबल कापून तिच्या टोकाला आट्यांचा तुकडा स्क्रूने आवळून बसवतात. दुसरा उपाय तात्पुरता समजावा. आवळलेलं टोक हळूहळू घसरतं. केबल बसवताना तिच्या सगळ्या लांबीला ग्रीस चोळायचं. डोळ्यात जाड ग्रीसचा गोळा भरला की तो आकड्यावर चिकटून राहतो, आणि संच परत बसेपर्यंत मागून कोणीतरी केबल हलकी ताणून धरायची. ताण सुटला की डोळा आत निसटतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बाउडन नळीचा बाक ही या सगळ्यातली सर्वांत कमी समजलेली गोष्ट. लोकांना वाटतं केबल जितकी सरळ तितका क्लच हलका, म्हणून ते बाक काढून टाकतात. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथरते. तो बाक मुद्दाम दिलेला आहे. थोडं घर्षण ठेवून तो क्लचला एकदम पकडू देत नाही, आणि इंजिन रबरी माउंटवर हलतं तेव्हा ती हालचाल पोटात घेतो. नळीच्या दोन टोकांवर सरळ पट्टी धरून मधला झोल मोजायचा: २५ ते ४५ मिलिमीटर. जास्त भरला तर क्लच जड आणि केबलचं आयुष्य कमी, कमी भरला तर थरथर. नळी आणि गिअरबॉक्सचं ब्रॅकेट यांच्यामध्ये वॉशर घालून किंवा काढून तो जुळवतात. कापून जोडलेल्या चासीत नळीचं पुढचं टोक मूळ जागेवर नसेल तर हा झोल सुरुवातीपासूनच चुकलेला असतो. गिअरबॉक्सचं माउंट फाटलेलं असेल तर मोजलेला झोल क्लच दाबताक्षणी बदलतो, म्हणून माउंट आधी. टनेलमधून नळी बाहेर येते तिथला रबरी बूटही नवा घालावा. तो नसला की पाणी आत जातं आणि नवी केबल पहिल्याच पावसाळ्यात गंजते.

पुढचा अर्धा भाग निर्दोष निघाला तर इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. चार जागी १७ मिलिमीटरचा पाना, शंभर किलोंच्या पुढचं वजन, खाली चांगला ट्रॉली जॅक. उघडल्यावर आधी बघायचं ते प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगची जोडी. १९७० पर्यंतच्या गिअरबॉक्सला मधे कडं असलेली प्रेशर प्लेट लागते. १९७१ पासून बेअरिंग मधल्या नळीवर सरकतं आणि त्याला कडं नसलेली प्लेट लागते. प्रतिकृतींत इंजिन एका सालचं, गिअरबॉक्स दुसऱ्या सालचा हे सर्रास, त्यामुळे ही जोडी चुकलेली पुष्कळदा सापडते.

दुसरी शक्यता म्हणजे आधीच्या मालकाने जास्त जोराची, १,७०० पाउंडांची प्रेशर प्लेट टाकलेली असणं. रेसिंगच्या इंजिनाला ती हवी. पण जेमतेम आठशे किलोंच्या गाडीत १,५८४ सीसीचं साधं इंजिन असेल तर मूळची २०० मिलिमीटरची प्लेट पुरून उरते. जास्तीच्या जोराचा मोबदला पाय, केबल, आकडा आणि थ्रस्ट बेअरिंग चौघेही देतात. काही जण लांब आर्म लावून पेडल हलकं करतात. पेडल होतं हलकं, पण बेअरिंगचा प्रवास कमी पडतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर ओरडतात. क्लच प्लेट झिजली की प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलून पेडल जड होतं, हेही लक्षात ठेवावं. अशा वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलायचं. आडव्या शाफ्टचे बुश आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच बैठकीत. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत २५ न्यूटन मीटरपर्यंत आवळायचे, आणि क्लच प्लेट डमी शाफ्टने मध्यावर धरायची. ती जरा जरी सरकली तर इंजिन गिअरबॉक्सला भिडत नाही.

शेवटी विंग नट. पेडल हाताने दाबत जाताना जोर लागायला सुरुवात होईपर्यंत १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. त्याहून कमी ठेवली तर बेअरिंग सतत प्लेटला टेकून फिरतं आणि जळतं. नटाचे पंख आर्मच्या खाचांत बसलेत ना, हे बोटाने तपासावं; नाहीतर तो धक्क्यांनी फिरत जातो. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांनी चाल पुन्हा मोजावी. आणि आपल्या गाडीच्या मापाची दुसरी केबल त्याच वेळी बनवून घ्यावी, तिच्यावर डोळ्यापासून आट्यांच्या टोकापर्यंतची लांबी लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि पुढच्या डिकीत ठेवावी. वाटेत केबल तुटली तर या गाडीला लागणारी लांबी कुठल्याच दुकानाच्या फळीवर मिळत नाही.